भिशीचे साठ हजार हातात आलेत, आधी सोनं सोडवू की हप्ते संपवू?

सुईदोरा (बेळगाव तालुका)

नमस्कार. मी बेळगावजवळच्या एका गावात राहते. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आमचे हे उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहेत. पगार दहा तारखेला होतो. हातात १८,४०० येतात, ओव्हरटाइम मिळाला तर वर दोनेक हजार. माझे सरासरी साडेपाच हजार धरा. श्रावण ते दिवाळी मशीनवरून उठायला फुरसत नसते आणि पौषात कुणी विचारत नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० माझ्या खात्यावर पडतात, कधी दोन महिन्यांचे एकदम. घर स्वतःचं, भाडं नाही. आम्ही दोघं, सासूबाई आणि तिसरीतली मुलगी.

वीस तारीख उलटली की मी दुकानात उधारीची वही सुरू करते. पैसा जातो कुठं ते बघायला या वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले, दुधाच्या खुणा करतो त्याच चौकोनांत. पाच तारखेला ‘गाडी’, दर मंगळवारी ‘संघ’, म्हणजे बायकांच्या गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता, पंधराला ‘भिशी’. पिग्मीचे रोजचे पन्नास लिहीत नाही, पिग्मीवाले मामा न लिहिताही येतातच. जूनचं पान भरलं तेव्हा दुधाच्या खुणा कुठल्या आणि हप्ते कुठले ते मलाच कळेना.

आता या महिन्यात भिशीची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. साठ हजार. आणि घरात मतं तीन. माझं गंठण आणि सासूबाईंच्या पाटल्या बँकेत गहाण आहेत. सासूबाई म्हणतात ते आधी सोडव, कारण पुढच्या वैशाखात गावची लक्ष्मीची यात्रा आहे. आमच्या भागातली यात्रा ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. बऱ्याच वर्षांनी येते आणि आली की घरात पाय ठेवायला जागा नसते एवढे पाहुणे. ‘यात्रेत माझी सून मोकळ्या गळ्यानं फिरणार काय?’ हे त्यांचं एकच वाक्य आहे. ह्यांचं म्हणणं, गाडीचं लोन नील करू. मला वाटतं संघाचं संपवावं. दर मंगळवारी पैसे घेऊन जाऊन बसायचं, आणि एखादीचा हप्ता आला नाही तर तो येईपर्यंत सगळ्यांनी तिथंच बसायचं, याचा कंटाळा आलाय.

कुणाचं बरोबर? पैसे अजून कपाटात आहेत. लवकर सांगा, कपाटातले पैसे आमच्यात फार दिवस टिकत नाहीत.

निपाणीकर

आक्का, डोळे झाकून सोनं सोडवा. सोन्याचा भाव काय झालाय बघताय न्हवं? अशा वेळी आपलं सोनं दुसऱ्याच्या तिजोरीत कशाला? मुदत चुकली तर लिलावाची नोटीस येते ती वेगळीच. गाडी काय, आज आहे उद्या भंगार. सोनं घरात असलं की रात्री-अपरात्री कुणापुढं हात पसरायला लागत नाही. आणि यात्रा म्हणताय, तर मग विषयच संपला की हो.

जुनी खातेवही (टिळकवाडी)

ताई, तुम्ही तिघांची मतं लिहिलीत, पण एकाही कर्जाचा व्याजदर लिहिला नाहीत. किती घेतलं होतं, किती राहिलंय, व्याज कसं लावलंय, तारीख कोणती, एवढं प्रत्येकाचं लिहा. कागद समोर ठेवून लिहा, आठवून नको. मी बँकेच्या काउंटरवर बसूनच निवृत्त झालो. लोक हप्ता तोंडपाठ सांगतात आणि व्याज विचारलं की छताकडं बघतात.

निपाणीकर, जरा दम धरा. डोळे झाकून कुणी काही सोडवू नये.

सुईदोरा

काका, सगळे कागद काढून बसले.

सोनं बँकेत आहे, ६०,००० ला, साडेनऊ टक्के. गेल्या सप्टेंबरात ठेवलं, येत्या सप्टेंबरात वर्ष भरतं. दोन्ही दागिने एकाच पावतीवर आहेत. गाडीचं लोन ७०,००० चं, तीन वर्षांचं, हप्ता २,६४४, चौदा हप्ते राहिलेत. कागदावर १२ टक्के फ्लॅट असं आहे. संघातून ५०,००० घेतलेले, आठवड्याला ६१०, अजून चाळीस आठवडे. ते कार्ड सगळं कानडीत आहे. मी मराठी शाळेतली, कानडी अक्षरं जुळवून वाचते, पण व्याजाची ओळ काही लागेना. शेजारच्या मुलाकडून वाचून घेतली. वर्षाला २४ टक्के, उतरत्या शिलकीवर, असं त्यानं सांगितलं. भिशी वीस जणींची, महिना ३,०००, माझा नंबर नववा. पिग्मी एका सोसायटीची आहे, अकरा हजारांच्या आसपास जमलेत.

आणि गल्लीतल्या एकांचे २०,००० आहेत, नोव्हेंबरात मुलीला डेंगी झाला तेव्हा घेतलेले. त्याला हप्ता नाही, शेकडा पाचनं महिन्याला हजार रुपये तेवढं व्याज जातं, म्हणून कॅलेंडरवर लिहिलं नव्हतं.

जुनी खातेवही (टिळकवाडी)

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही सगळ्यांत शेवटी लिहिलंत.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. आठ महिन्यांत आठ हजार दिलेत आणि मुद्दल वीसचं वीस तसंच उभं. बँकेतल्या साठ हजारांच्या सोनेतारणाला अख्ख्या वर्षाचं व्याज होतं ५,७००. म्हणजे तिप्पट रकमेला वर्षभरात जेवढं पडतं त्याहून जास्त तुम्ही गल्लीत देऊन बसलात. हप्ता नाही म्हणून हे कर्ज हलकं वाटतं, पण हप्ता नाही म्हणूनच तर ते संपेना. अवाजवी व्याजाविरुद्ध कर्नाटकात २००४ चा कायदा आहे. पण शेजारधर्म आहे, उद्या त्याच नळावर भेटायचंय, तेव्हा आधी पैसे देऊन मोकळे व्हा. हे पहिले वीस हजार.

राहिले चाळीस. आता गाडी आणि संघ शेजारी-शेजारी ठेवा. गाडीचं ‘१२ टक्के फ्लॅट’ ऐकायला बरं वाटतं. त्यांनी काय केलं, तर पहिल्याच दिवशी पूर्ण सत्तर हजारांवर तीन वर्षांचं व्याज २५,२०० आकारलं, बेरीज ९५,२००, भागिले ३६. तुमचं मुद्दल दर महिन्याला कमी होत गेलं तरी व्याज सत्तरवरच धरलेलं आहे. उतरत्या शिलकीनं मोजलं तर तो दर २१ टक्क्यांच्या वर जातो. पण आता बावीस हप्ते जाऊन चुकलेत. राहिलेलं मुद्दल माझ्या हिशोबानं साडेबत्तीस हजारांच्या आसपास, आणि चौदा हप्त्यांची बेरीज ३७,०१६. म्हणजे आज नील केलं तर साडेचार हजार वाचतात. त्यातून मुदतीआधी फेडण्याचा आकार आणि त्यावरचा जीएसटी वजा करा, हातात तीनेक हजार राहिले तर राहिले.

संघाचे चाळीस हप्ते म्हणजे २४,४००. आज एकरकमी भरलं तर बावीस हजारांच्या आसपास मिटेल. तुमचा संघ मायक्रोफायनान्स, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचा असेल तर मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. आठवड्याला ६१० म्हणजे महिन्याला सरासरी २,६४३. बघा, संघाला बावीस हजार भरून महिन्याचे २,६४३ सुटतात आणि गाडीला साडेबत्तीस भरून २,६४४. एका रुपयाचा फरक. तुमच्या मिस्टरांना एवढी एकच ओळ दाखवा.

त्याच नियमात असंही आहे की कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत पाहिजे. तेव्हा पुढं कधी घेतलंत तर मराठीत मागा. आपल्याकडं लोक भाषेवरून चौकात भांडतील, पण सही करायच्या कागदावर मराठी मागायला लाजतील.

उरले अठरा हजार. त्यातले ५,७०० सप्टेंबरात सोन्याच्या व्याजाला लागतील. बाकीचे बारा हजारांच्या वरचे तुमच्या स्वतःच्या खात्यात टाका, जिथं गृहलक्ष्मी येते तिथं, आणि त्या खात्याला मोबाइलवरचं पेमेंट अजिबात जोडू नका.

एक गोष्ट विसरू नका. भिशीचे साठ हजार ही कमाई नाही. २७,००० तुम्ही भरलेत, ३३,००० इतर बायकांचे आहेत आणि ते अकरा महिने परत द्यायचेत. बिनव्याजी आहेत एवढंच. भिशी लागल्यावर हप्ते थकवणाऱ्या बाईचं गावात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

निपाणीकर

खातेवहीसाहेब, हिशोब भारी केलात, पण सोनं तिथंच ठेवलंत. भाव अजून वाढला तर?

जुनी खातेवही (टिळकवाडी)

वाढू द्या की. गहाण असलं तरी सोनं त्यांचंच आहे, भाव वाढला तर फायदा त्यांचाच. बँकेला साठ हजार आणि व्याज यापलीकडं एक रुपया मिळत नाही. त्यांच्या सगळ्या कर्जांत सर्वांत स्वस्त कर्ज तेच आहे, आणि तुम्ही ते सर्वांत आधी फेडायला सांगताय. भीती फक्त तारखेची. सप्टेंबर चुकवायचा नाही.

आता यात्रेचं. सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, मी पण याच मातीतला. ताई, सप्टेंबरात व्याज भरून नूतनीकरण करायला जाल तेव्हा बँकेला सांगा की एका पावतीच्या दोन करा, गंठणाची वेगळी आणि पाटल्यांची वेगळी. दोन्ही एकाच पावतीवर असले की पूर्ण साठ हजार भरल्याशिवाय एकही दागिना हातात येत नाही. वजनाप्रमाणं समजा गंठणावर ३५,००० आले, पाटल्यांवर २५,०००. ऑगस्टपासून तुमचे व्याजाचे १,००० आणि संघाचे २,६४३ मोकळे होतात. ते तसेच बाजूला टाकत गेलात तर एप्रिलअखेर पावणेतेहतीस हजारांच्या घरात जातात. गंठणाला व्याजासकट सदतीस लागतील. मधले चार हजार दिवाळीच्या ब्लाउजांतून काढा. गंठण यात्रेत गळ्यात, पाटल्या भिशी संपल्यावर.

पिग्मीचं राहिलं. ती सोसायटीची आहे म्हणालात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो. २०२० च्या आधी तो १ लाखच होता. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. अकरा हजारांसाठी झोप उडवायची गरज नाही, पण सासूबाईंनी जास्त व्याज मिळतं म्हणून तिथंच मोठी ठेव ठेवली असेल तर ती विभागून ठेवा. आमच्या बेळगावात गल्लीगणिक सोसायटी आहे. चांगल्या आहेत तशा बुडालेल्याही आहेत, आणि बुडेपर्यंत दोन्हींच्या पायऱ्यांना संगमरवरच असतो.

पंच कार्ड (उद्यमबाग)

वहिनी, मी एका फौंड्रीत टाइम ऑफिसला आहे. दोन गोष्टी सांगतो, त्या वर कुणी विचारल्या नाहीत.

दादांच्या पगारपत्रकावर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापलेलं दिसतंय का बघा. पगार २१,००० पर्यंत असेल तर कापायलाच पाहिजे, ०.७५ टक्के कामगाराचे आणि ३.२५ टक्के मालकाचे. त्या २१,००० त ओव्हरटाइम धरत नाहीत, त्यामुळं ओव्हरटाइममुळं बाहेर पडलो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ईएसआय असेल तर तुमचा, मुलीचा आणि अवलंबून असतील तर सासूबाईंचाही इलाज त्यात होतो. पण नावं आणि फोटो चढवलेले पाहिजेत. आमच्याकडं निम्म्या पोरांच्या कार्डावर लग्नाआधीचीच माहिती आहे, बायको-पोरं कागदावर जन्मालाच आली नाहीत. डेंगीसारखं परत काही आलं तर गल्लीत हात पसरायच्या आधी तिथं जा.

दुसरं, पगार दहाला आणि गाडीचा हप्ता पाचला? मग पाचला खात्यात काय असतं? पासबुक भरून घ्या आणि बाउन्सचे आकार शोधा. फायनान्सवाला वेगळे लावतो, बँक वेगळे. हप्त्याची तारीख बारा करून मागा, अर्ज द्यायला लागतो, बरेच जण करून देतात.

मलप्रभाकाठची (खानापूर)

ताई, संघाचं बंद करायचं ठरवलंत तर एक सांगते, मी या फेऱ्यातून गेलेय. एकरकमी भरायला गेलात की आधी ‘मॅनेजर नाहीत, पुढच्या मंगळवारी या’ म्हणतील. लेखी आकडा मागा, भरल्याची पावती घ्या, कर्ज संपल्याचं पत्र घ्या आणि गटातून नाव काढलं का ते विचारा. नाहीतर तुमचं फिटलं तरी दुसरीच्या हप्त्याला तुम्हाला बोलावतात. घरी येऊन बसून राहणं, शिवीगाळ असलं काही झालं तर त्याविरुद्ध २०२५ मध्ये कर्नाटकात कायदा झालाय, तो पोलिसांना माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे एवढं नुसतं दाखवलं तरी आवाज खाली येतो.

आणि खरी परीक्षा नंतर. फेडलं की आठवड्याच्या आत फिल्डवाला दारात उभा. ‘तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, आता ऐंशी हजार मिळतील.’ यात्रा जवळ आलीय हे त्यांना आपल्या आधी कळतं.

यात्रेचं म्हणाल तर आमच्याकडं झाली तेव्हा भावकीतल्या पाच घरांनी मिळून एकच मंडप घातला, भांडी आणि आचारी एकच. पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसांची तोंडं वाकडी झाली. पण पाहुण्यांना जेवण मिळाल्याशी मतलब, मंडप कुणाचा कोण बघतंय? आहेराच्या साड्या मात्र प्रत्येकीनं आपापल्या आणल्या, तिथं एकी झाली नाही. ते होणारही नव्हतं.

सुईदोरा

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर काकांचा हिशोब मी मोठ्यानं वाचून दाखवला. गाडी आणि संघ यातला एका रुपयाचा फरक ह्यांनी स्वतः मोबाइलवर गुणाकार-भागाकार करून बघितला आणि मग म्हणाले, ठीक आहे, संघ. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, गंठण येणार असेल तर माझ्या पाटल्या राहू देत, मी काय आता नाचणार आहे?

पासबुक भरून आणलं. गाडीच्या हप्त्याचे बाउन्स दिसले, प्रत्येक वेळी फायनान्सचे ५९० आणि बँकेचे वेगळे. ह्यांना मेसेज येत होते, पण इंग्रजीत म्हणून उघडले नव्हते. तारीख बदलायचा अर्ज शनिवारी देतोय. ईएसआय कापतात, कार्डावर मुलीचं नाव नाही, ते पण करायचं. पिग्मी मोडणार नाही. मामांचं आणि आमचं जुनं आहे, आणि रोजचे पन्नास हातात राहिले तर ते चिवडा-फरसाणात जातील हे मला माहीत आहे. इथं काका रागावले तरी चालेल.

एकच विचारायचं राहिलं. गल्लीतल्या त्यांच्याकडं वीस हजार घेताना माझ्या सहीचा कोरा चेक दिलाय. पैसे देताना तो मागितला तर ‘सापडत नाही, नंतर देतो’ म्हणतील असं वाटतंय. मग काय करू?

जुनी खातेवही (टिळकवाडी)

पिग्मीबद्दल रागावलो नाही. मीही बायकोच्या नावानं चालवतो.

चेकचं नीट ऐका. वीस हजार रोख देऊ नका. आधी तुमच्या खात्यात भरा आणि तिथून त्यांच्या खात्यावर पाठवा, म्हणजे तारखेसह पुरावा राहतो. ते रोखच पाहिजेत म्हणाले तर कागदावर ‘मुद्दल रुपये वीस हजार पूर्ण मिळाले, बाकी काही नाही’ असं लिहून सही घ्या, सोबत मिस्टरांना न्या. चेक त्याच वेळी मागा. सापडत नाही म्हणाले तर तिथं वाद घालत बसू नका, सरळ बँकेत जाऊन त्या क्रमांकाचा चेक थांबवायचा अर्ज द्या आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्या. क्रमांक चेकबुकच्या अर्ध्या पानावर लिहिलेला नसेल तर मागचा-पुढचा चेक बघून निघेल. त्याला थोडा आकार पडतो, पडू द्या.

आणि चेक परत मिळालाच तर त्यांच्यासमोर फाडून टाकू नका. घरी आणा, क्रमांक जुळवा, तोच आहे याची खात्री करा, मग फाडा.